मनाच्या दुखण्यासाठी साहाय्य घेणे हा अविश्वास आहे काय?



अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या दाट वस्तीत शेजारच्या घरी ताप आला की लागलीच कळते, आणि कोणी ना कोणी विचारपूस करावयास येते. परंतु एखादी बहीण बाळंतपणानंतर महिनोगणती हसली नाही, तिला अन्न गोड लागेना, झोप येईना. किंवा एखादा भाऊ काम सुटल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, तर तेच शेजारी मुकाट होतात. अशा माणसाने मोठ्या धीराने मंडळीतील कोणापाशी मन उघडे केले, तर पुष्कळदा त्याच्या पदरी एकच उत्तर पडते : तुमचा विश्वास कमी पडतो, प्रार्थना वाढवा.

हे उत्तर खरे आहे काय, याचा आपण शांतपणे विचार करू.

एलीया संदेष्ट्याचे उदाहरण घ्या. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरला. त्यानंतर थोड्याच काळात तो रानात एका झुडपाखाली बसून देवापाशी मरण मागू लागला. त्याचा विश्वास अल्प होता असे म्हणावयास कोण धजेल? आणि देवाने काय केले? त्याला दोष दिला नाही. निजू दिले, दूताकरवी भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा जेवू घातले. पुढे होरेबावर एकच प्रश्न दोन वेळा विचारला, आणि दोन्ही वेळा त्याचे सारे गाऱ्हाणे ऐकून घेतले. नंतर त्याला काम नेमून दिले, अलीशासारखा सोबती दिला, आणि तू एकटा उरला नाहीस हेही सांगितले.

मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक जे करतो, त्याचे स्वरूप यापासून फार दूर नाही. तो अंगारेधुपारे करीत नाही, की कोणास वेडा ठरवीत नाही. ठरलेल्या वेळी समोर बसवून तो ऐकतो, विचारतो, कोणता विचार मनाला वारंवार खाली ओढतो हे शोधावयास साहाय्य करतो, आणि पेलवेल असे लहानसे काम नेमून देतो. औषधाची गरज दिसल्यास तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टराकडे पाठवितो. आपल्या मंडळ्यांना औषधोपचार परका नाही. डॉक्टर वॉन्लेस यांनी सन १८९४ मध्ये मिरजेस इस्पितळ सुरू केले. तेथे पोट दाखवावयास जाणे हा अविश्वास, असे कोणी म्हटले नाही. मग मन दाखविणे तेवढे अविश्वास कसे?

कोणी म्हणेल, अशाने पापालाच आजार म्हणावयाची वाट मोकळी होईल. ही शंका क्षुल्लक नव्हे. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले, त्याला पश्चात्ताप व भरपाई यांवाचून गत्यंतर नाही. ती जागा कोणताही उपचार घेऊ शकत नाही. परंतु सर्वच दुःख अपराधातून उपजत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात शोधू लागले, तेव्हा चुकले, आणि देवाने त्यांनाच दोष दिला. दुसऱ्याचे अंतःकरण आपणांस दिसत नसता त्याचा विश्वास खोटा ठरविणे, ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्षच होय. खचलेल्या माणसावर असा दोषाचा भार घातला, तर तो आपल्या जिवाचेही बरेवाईट करील. उपदेशकांनी हे फार जपावे.

ठाण्यास सन १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यावरून ‘याला ठाण्याला धाडा’ अशी थट्टा आपल्याकडे रूढ झाली. ती आपल्या तोंडी शोभत नाही. त्याच शहरी सन १९९० मध्ये डॉक्टर आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी एक संस्था स्थापिली. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने रुग्णाची गोष्ट गुप्त राखली जावी हा हक्क मान्य केला. शिवाय जो आपला जीव घ्यावयास निघाला, तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरविले. सरकारी कायदा जेथे दया दाखवितो, तेथे ख्रिस्ताच्या मंडळीने निकाल द्यावा काय?

सन २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री दूरध्वनी केल्यास मराठीतही बोलता येते, आणि त्याचे मोल पडत नाही. ज्याला गाडीभाडे जड जाते, त्यालाही हे द्वार उघडे आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, असा कोणी आपल्याकडे आल्यास प्रथम त्याचे ऐका. ऐकलेले घरीही सांगू नका, आणि प्रार्थनेच्या विनंतीच्या निमित्ताने चारचौघांत तर मुळीच नको. त्याच्याबरोबर प्रार्थना अवश्य करा, आणि ती झाल्यावर त्याच्यासोबत गाडीत बसून समुपदेशकाच्या दारापर्यंत जा. एलीयाला भाकर घेऊन गेलेल्या दूताची सेवा आज आपल्या हाती आहे.