न टाकलेल्या डावाचे कर्म

जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी कड्यांच्या मधून नाव चालू लागली की आपण जागच्या जागी आहोत आणि कडेच मागे सरकत आहेत असे वाटते. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हणणाऱ्या, गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकाचे भाष्य करताना शंकराचार्यांनी जवळपास हाच दृष्टांत घेतला आहे. नावेतल्या माणसाला काठावरची स्थिर झाडे उलट दिशेने चालताना दिसतात, आणि फार दूरवर चालणारा माणूस मात्र उभा असल्यासारखा भासतो. हालचाल कुठे आहे आणि कुठे नाही याबाबत डोळे फसतात, तशीच बुद्धी कर्माबाबत फसते, असा त्यांचा रोख आहे. ‘मी काही करत नाही, स्वस्थ बसलो आहे’ असे म्हणणारा त्या बसण्याचा कर्तेपणाही स्वतःकडेच घेत असतो. या श्लोकावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले, पण त्यातला एक व्यावहारिक प्रश्न बहुधा बाजूला राहतो: काही न करणे हे कर्म केव्हा ठरते, आणि ठरलेच तर त्याचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा? हा प्रश्न तपासायला मी एक अनपेक्षित जागा निवडतो. ती म्हणजे व्हिडिओ गेममधल्या द्वंद्वात अवजड, संथ पात्र घेऊन खेळणाऱ्या तरबेज खेळाडूचा खेळ.

1991 साली कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर 2’ आणला. त्यात झँगीफ नावाचा रशियन पहिलवान आहे. त्याचे शरीर प्रचंड, म्हणून त्याला मारणे सोपे. चाल संथ, म्हणून त्याला लांब ठेवणेही सोपे. इतर पात्रे दुरून आगीचे गोळे फेकतात, त्याच्याकडे तसे अस्त्र नाही. त्याच्याकडे आहे ती पकड. समोरचा हाताच्या अंतरात आला की स्टिक पूर्ण गोल फिरवून बटण दाबायचे. मग झँगीफ त्याला उचलून हवेत गरगर फिरवतो आणि डोक्यावर आपटतो. ठोसा किंवा लाथ ब्लॉक करता येते, ही पकड करता येत नाही. नवखा खेळाडू झँगीफ घेतो तेव्हा मधले अंतर एका उडीत कापायला जातो आणि हवेतच मार खातो. जाणता खेळाडू सरपटल्यासारखा पुढे येतो, गोळे ब्लॉक करतो, थोडे नुकसान सोसतो, पुन्हा दोन पावले टाकतो आणि पकडीच्या टप्प्यात पोचल्यावर पुष्कळदा नुसता उभा राहतो. सामना खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. ब्लॉक करून बसावे तर पकड येईल, या भीतीने समोरचा उडी मारतो किंवा घाईने ठोसा टाकतो, आणि त्या उडीला किंवा हुकलेल्या ठोशाला शिक्षा मिळते. पकड एकदाही न टाकता पकडीने काम केलेले असते.

हे उभे राहणे आळसापेक्षा वेगळे कशाने ठरते? तीन गोष्टींनी. पहिली, सामर्थ्य: पकड खरोखर हातात असली पाहिजे, स्टिक बिनचूक फिरवता न येणाऱ्याच्या उभे राहण्याला कोणी भीत नाही. दुसरी, अंतर: तोच झँगीफ पडद्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असेल तर त्याचे उभे राहणे निव्वळ उभे राहणे असते. तिसरी, अवधान. हे खेळ सेकंदाला साठ फ्रेमनी चालतात. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम लागतात, आणि जवळून टाकलेले बरेचसे डाव त्याहून लवकर लागतात. तेव्हा पाहून मग ठरवू, ही सोय इथे नाही. समोरचा काय करील याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि बटण न दाबण्याचा निर्णयही आधीच घ्यावा लागतो. प्रेक्षकाला रिकामा वाटणारा तो क्षण खेळाडूच्या दृष्टीने सगळ्यात भरलेला असतो.

वजन आणि स्थिरता एवढ्यानेच भागत नाही, याचा पुरावा कुस्तीच्या इतिहासात आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा पहिलवानासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को उभा ठाकला. झबिस्को गामापेक्षा बराच वजनदार. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले आणि त्यानंतर अडीच तासांहून अधिक काळ झबिस्को बहुतांशी हात-गुडघे टेकून जमिनीला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या कुस्तीला तो आलाच नाही. 1928 साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. लंडनमधली झबिस्कोची निश्चलता बाहेरून पाहिली तर झँगीफसारखीच दिसेल: अवजड देह, संथपणा, मार सोसण्याची तयारी. पण त्या निश्चलतेतून समोरच्याला कसलाही प्रश्न पडत नव्हता. ती फक्त चीत होणे लांबवत होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने केलेला तामस, कष्टाच्या भयाने केलेला राजस, आणि कर्तव्य करत असताना आसक्ती सोडणारा सात्त्विक. डाव न टाकणारे दोघे एकाच खान्यात बसत नाहीत, हे समजायला ही वर्गवारी अजूनही उपयोगी पडते.

इथे गीतेचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. गीतेतले अकर्म म्हणजे संधी साधण्यासाठी दबा धरून बसणे नव्हे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांचा सगळा भर यावर आहे की कर्म सोडायचे नाही, फलाची आसक्ती सोडायची, आसक्ती गेली की कर्माचा बांधण्याचा गुण जातो. झँगीफ खेळणाऱ्याला तर फळच हवे असते, त्याला सामना जिंकायचा असतो. ही हरकत मला मान्य आहे. गेम खेळून कोणी स्थितप्रज्ञ होत नाही आणि माझा दावाही तो नाही. पण श्लोकात दोन गोष्टी आहेत. एक, कर्म आणि अकर्म ओळखणारी दृष्टी. दुसरी, त्या दृष्टीतून येणारी मुक्ती. दुसरीबद्दल हा खेळ काही सांगू शकत नाही. पहिलीची तालीम मात्र तो कठोरपणे घेतो, आणि ती घेताना आसक्तीचा प्रश्न आपोआप पुढे येतो. संथ पात्र हरते ते बहुतेक वेळा जिंकण्याच्या घाईने. मार खाऊन मागे पडलेला खेळाडू गेलेले सगळे एका उडीत परत मिळवू पाहतो आणि उरलेलेही घालवतो. फळावरची नजर इथे फळच हिरावून घेते.

दुसरी हरकत खेळाडूंकडून येईल: संथपणा हे शेवटी व्यंगच, त्याला तत्त्वज्ञानाची शाल कशाला पांघरायची? मोठ्या स्पर्धांमध्ये चपळ पात्रांचाच वरचष्मा अधिक असतो हे खरे आहे. 2018 च्या कॅपकॉम कपमध्ये ‘इताबाशी झँगीफ’ हे नाव लावून खेळणारा जपानी खेळाडू अंतिम फेरीत पोचला, पण उपविजेताच राहिला. तरी माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. संथ पात्र श्रेष्ठ आहे असे मी म्हणतच नाही. चपळ पात्राच्या खेळातही न टाकलेले डाव असतात, पण टाकलेल्या डावांच्या गर्दीत ते दिसत नाहीत. अवजड पात्राच्या खेळात ही गर्दी नसते, म्हणून तिथे अकर्म उघडे पडते.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. समोरच्याच्या भीतीवर चालणारी ही स्थिरता म्हणजे निव्वळ धाक नव्हे का? खेळापुरते उत्तर सोपे आहे: नियम दोघांना ठाऊक असतात, भीती दोघांनी पत्करलेली असते. खेळाबाहेर ते इतके सोपे राहत नाही, आणि त्यासाठी जबलपूर सोडून लांब जायला नको. मार्च 1939 मध्ये शहराजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. जानेवारीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्यांना 1580 विरुद्ध 1377 मतांनी हरवून अध्यक्षपद मिळवले होते, आणि हा पराभव पट्टाभींपेक्षा माझा अधिक आहे, असे गांधीजींनी जाहीर केले होते. गांधीजी त्रिपुरीला आले नाहीत. ते राजकोटला होते. 1934 पासून ते काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते. तरीही अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला: कार्यकारिणी अध्यक्षांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. त्यानंतर गांधीजींनी नावे सुचवण्याचे नाकारले; तुमची कार्यकारिणी तुम्हीच निवडा, असे ते सुभाषबाबूंना कळवत राहिले. ठरावाने हात बांधलेले आणि नावे तर मिळत नाहीत, अशा कोंडीत सापडलेल्या अध्यक्षांनी 29 एप्रिलला राजीनामा दिला.

या घटनेत कोण बरोबर होते हा वाद इथे सोडवायचा नाही. गांधीजींच्या बाजूने म्हणता येईल की ज्या धोरणावर विश्वास नाही त्यासाठी माणसे सुचवणे अप्रामाणिक ठरले असते, आणि मतभेद असताना दूर राहणे हाच सभ्य मार्ग होता. ते मान्य केले तरी एक गोष्ट म्हणता येत नाही: त्यांनी काही केले नाही, ही. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या तिथे लागू होतात. सामर्थ्य होते, आणि पट्टाभींचा पराभव स्वतःकडे घेऊन त्यांनी ते पणाला लावले होते. अंतराचे म्हणाल तर राजकोट नकाशावर दूर असले तरी पंतांच्या ठरावाने प्रत्येक निर्णय त्यांच्या हाताच्या टप्प्यात आणून ठेवला होता. अवधानही होते, पत्रे जात-येत होती. अशा ठिकाणी नकार हे कर्म असते आणि त्याचे परिणाम नकार देणाऱ्याच्याही खात्यावर पडतात, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

यावर कोणी म्हणेल की मग गप्प बसलेला प्रत्येक माणूस दोषी ठरेल. तसे ठरत नाही, कारण कसोटी अंतराची आणि बळाचीही आहे. ज्याच्या हातात पकड नाही, किंवा ज्याच्यापासून घटना पडद्याच्या दुसऱ्या टोकाला घडते आहे, त्याच्या स्वस्थ बसण्याला कर्म म्हणणे अन्याय होईल. दुबळ्याचे मौन बहुधा त्याच्यावर लादलेले असते, आणि त्याचा जाब त्याला विचारण्याआधी ते लादणाऱ्याला विचारला पाहिजे. पण घरातला कर्ता, संस्थेचा ज्येष्ठ, पक्षाचा नेता हे जेव्हा ‘मी मध्ये पडलो नाही’ असे म्हणतात, तेव्हा इतरांनी आपली प्रत्येक चाल त्यांच्या न पडण्याचा हिशेब करूनच केलेली असते, आणि बहुतेकदा त्यांना ते ठाऊक असते. वजन असलेल्याला तटस्थतेची सोय नाही. त्याने थांबावे, जरूर थांबावे. झँगीफचा उत्तम खेळ थांबण्यातच आहे. फक्त ते थांबणे आपण केले, असे म्हणण्याची तयारी ठेवूनच थांबावे.