हिशोब ठेवणारा कुणी नाही, म्हणून

माझे वडील, अण्णा, जयसिंगपुरात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, तोलाई, हमाली, उचल हे सगळं लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय ते गादीवरून उठत नसत. बाजाराला सुट्टी असली की मात्र सायकल काढून उदगावच्या बाजूला कृष्णेवर जात. हिवाळ्याच्या तोंडाला पहिला धोबी पक्षी शेपटी हलवत काठावर उतरला, की त्या दिवशी घरी आल्यावर त्यांचा आवाजच वेगळा असे.

ते गेल्यावर कपाटात एक लाल चोपडी सापडली. दिवाळीच्या वहीपूजनाला आणलेल्या वह्यांतली असावी. पहिल्या पानावर 'श्री', आणि आत एकेका नावाने खाती: कृष्णा, अंगणातला उंबर, विहीर, करंज, गायबगळे. अण्णांनी मला लहानपणी शिकवलेला जमाखर्चाचा पहिला नियम असा, की जो देतो त्याच्या खात्यावर जमा आणि जो घेतो त्याच्या नावे. त्या नियमाने ही खाती मांडलेली होती. उंबराच्या जमेला सावली, कोकिळांचं खाणं, आईच्या ओल्या पापडांना आडोसा. नावेच्या बाजूला, म्हणजे आम्ही उंबराला काय दिलं तिथे, उन्हाळ्यातल्या थोड्या घागरी, आणि शेजारी लाल शाईत एक नोंद: 'तारेला लागते म्हणून फांदी तोडली. जमेत धरू नये, नावेतही नाही. चूक.' वर्ष संपलं की खाली बाकी काढून पुढच्या पानावर ओढलेली. दर वर्षी देणं आमच्याकडेच.

ही चोपडी वाचताना मला एका प्रश्नाने धरून ठेवलं. निसर्गावर प्रेम करायचं तर हिशोब कशाला? प्रेमात जमा-नावे बघणं कोतेपणाचं नाही का?

आपल्याकडे हिशोब आणि भक्ती यांच्यात जुनी अढी आहे. एकनाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोब करताना एका पैची चूक सापडेना, म्हणून नाथ रात्रभर जागले. ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजली, आणि गुरूंनी हेच चित्त देवाकडे लावायला सांगितलं. कीर्तनात याचा अर्थ असा लावतात, की हिशोब सोडावा आणि देव धरावा. अण्णांना तो अर्थ पटत नसे. ते म्हणायचे, "स्वामींनी पै सोडायला कुठं सांगितलं? पैसाठी जागणारं मन होतं, म्हणूनच ते देवाकडं वळवता आलं. जमाखर्चात डोळेझाक करणाऱ्याकडं वळवायला काय असणार?"

आम्ही दिगंबर जैन. चित्रगुप्ताची कल्पना शेजारच्या घरांतून कानावर यायची: यमाच्या दरबारात बसून प्रत्येकाचं पापपुण्य लिहिणारा तो दिवाणजी. लहानपणी मला वाटे, अण्णांना आपल्याच धंद्यातला हा देव आवडत असणार. पण आमच्या धर्मात असा कुणी लेखनिक नाही. कर्माचा निवाडा करणारा न्यायाधीश नाही, माफी लिहून देणारा मालकही नाही. जैन विचारात कर्म म्हणजे अतिसूक्ष्म पुद्गल, एक प्रकारचं द्रव्यच. राग, लोभ, निष्काळजीपणा यांमुळे ते आत वाहत येतं, तो आस्रव. जीवाला चिकटतं, तो बंध. येणं थांबवणं म्हणजे संवर, आणि चिकटलेलं झडून जाणं म्हणजे निर्जरा. कुणी लिहो न लिहो, जे घेतलं ते चिकटून राहतं.

हे शास्त्र मला देवळातल्या प्रवचनापेक्षा शिरोळ तालुक्यातल्या रानांनी अधिक नीट समजावलं. आमच्या काकांचं काळं रान उसाचं. रात्रीची लाईट आली की मोटर सुरू, आणि पाणी सकाळपर्यंत वाहतं. नदी जवळ, मग पाणी कोण मोजणार? अण्णा त्यांना म्हणायचे, "फुकटचं पाणीबी खात्याला लागतं." भारी काळ्या जमिनीतून निचरा होत नाही. पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार तिथेच राहतात. काही वर्षांनी उन्हाळ्यात रानावर पांढरं मीठ फुटतं, मग उगवण विरळ होत जाते. या तालुक्यात अशा क्षारपड झालेल्या रानांची गोष्ट गावोगाव ऐकू येते. प्रत्येक जादा पाण्याची नोंद कुणीही न लिहिता मातीत झालेली होती. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने अशा जमिनींत खोलवर सच्छिद्र पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढण्याची कामं झाली, आणि पडीक रानं पुन्हा पिकू लागली. आस्रव, बंध आणि निर्जरा मला त्या चरांत डोळ्यांनी दिसले. आणि हेही दिसलं, की वरचं पाणी मोजून दिलं नाही तर पाइप घालूनही भागत नाही. संवराशिवाय निर्जरा पुरी पडत नाही.

म्हणून अण्णांची चोपडी मला कोती वाटत नाही. वर लिहिणारा कुणी असता, तर आपण निश्चिंत राहिलो असतो. लिहिणारा नाही, आणि बाकी तर साचतेच आहे. अशा वेळी वही आपणच उघडायची असते. प्रतिक्रमण तरी दुसरं काय आहे? दिवसभरात कुणाला दुखावलं हे आठवायचं, आणि त्या आठवणीत माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती यांच्या एकेंद्रिय जीवांनाही घ्यायचं. अण्णा दुकानाचा रोजमेळ मिटवून यायचे आणि घरी हा दुसरा उघडायचे. आमच्याकडे विहिरीचं पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच विहिरीत परत सोडायची रीत होती. घरात नळ आला तेव्हा त्यांना पहिली अडचण हीच पडली: आता परत कुठे सोडायचं? चोपडीत विहिरीच्या खात्यानंतर 'नळ' असं खातं आहे, आणि नावेची बाजू पूर्ण कोरी.

या कोऱ्या बाजूवर मी पुष्कळ विचार केला. देणं फिटणारच नसेल, तर लिहायचं कशासाठी? उंबराच्या फळाच्या आतच त्याची फुलं असतात, आणि त्यांचं परागीभवन करणारी इवली गांधीलमाशी बहुधा त्याच फळात मरून जाते. त्या देण्याघेण्याची फेड माणसाने कशी करावी? उंबराखाली बसणारा प्रत्येकजण तिचाही देणेकरी आहे. श्वास घेणं हीसुद्धा उचलच. जैन धर्म हे लपवत नाही. सर्व कर्म झडून बाकी शून्य होणं म्हणजे मोक्ष, आणि ती वाट मुनींची. गृहस्थासाठी त्याने अणुव्रतं ठेवली, परिग्रहाचं परिमाण ठेवलं: किती घ्यायचं याची मर्यादा ज्याची त्याने ठरवायची आणि ती पाळायची. मर्यादा ठरवायला आधी आकडा माहीत असावा लागतो, आणि आकडा लिहिल्याशिवाय माहीत होत नाही. निसर्ग आवडतो असं म्हणणारे आपण पुष्कळ आहोत. त्याच्याकडून घेतलेलं लिहून ठेवणारे फार थोडे, आणि म्हणूनच आपलं प्रेम नदीला उपयोगी पडत नाही.

मी चोपडी पुढे चालवते आहे. बाकी आमच्याकडेच निघते, आणि पुढेही तशीच निघेल. पण फेड होत नाही म्हणून देणंच नाकारणं हा दिवाळं काढणाऱ्याचा मार्ग झाला. संसारी माणसाने निदान बाकी खरी लिहावी, आणि पुढच्या वर्षाची उचल यंदापेक्षा कमी धरावी. अण्णा हेच करत आले, आणि मी यालाच धर्म म्हणते.