देवाचें ज्ञान आणि मनुष्यांची रीत

देवाविषयींचें सत्य एकच असतां तें जाणण्याची व सांगण्याची रीत देशोदेशीं कां बदलते? आणि रीत बदलली म्हणजे सत्यहि बदललें काय? हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांतहि उठतो, म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

परराष्ट्रीयाच्या घरीं जाणें अयोग्य, असें पेत्र लहानपणापासून शिकला होता, व यासच तो धर्मज्ञान समजत होता. यापो येथें त्याला दृष्टांत झाला. परंतु त्याचा अर्थ त्यास पुरता उमगला तो कैसरियांत कर्नेल्याच्या घरीं पाऊल टाकल्यावर. पुढें अंत्युखियांत याकोबाकडचीं माणसें येतांच तोच पेत्र पंगतींतून बाजूस झाला, आणि पौलास त्याला तोंडावर दोष द्यावा लागला. यावरून दिसतें कीं, धर्मज्ञान शेजाऱ्याच्या संगतीनें वाढतें आणि लोकांच्या भयानें आकसतें.

आतां आपल्याकडे पाहा. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्यानें ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत रचिली. ती १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापली गेली. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, व संतांच्या अभंगाच्या चालीवर प्रभूचें गुणगान केलें. पंडिता रमाबाईंनीं शास्त्राचें भाषांतर साध्या स्त्रियांस कळेल अशा मराठींत केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं पूर्ण प्रसिद्ध झालें. प्रभु तोच, परंतु ज्यास परक्या भाषेंत केवळ मान डोलवितां आली असती, तो आपल्या भाषेंत प्रश्न विचारूं लागला.

कोणी म्हणतात, टाळमृदंग ही जुनी रीत, ती टाकावी. परंतु पेटी व बांकें हीहि एका देशाची रीतच आहे. रीतीवांचून धर्म कोठेंच नांदत नाहीं.

तथापि समाज भाषेबरोबर भेदहि आणतो. बाप्तिस्म्यानंतरहि जुनी जात विचारून सोयरीक ठरते, आणि त्यासहि लोक “आपली रीत” असेंच म्हणतात. मग कोणती ठेवावी व कोणती सोडावी? अंत्युखियाची पंगत हीच कसोटी. जी रीत परक्यास आपल्या ताटाशीं बसविते, ती जुनी असो वा नवी, ठेवावी; जी त्याचें ताट दूर सरकविते, ती कितीहि पूज्य असली तरी टाकावी.

शास्त्रपाठ सांगणाऱ्या बंधूंनीं पाठ संपल्यावर एखाद्या निरक्षर आजीस तोच पाठ तिच्या शब्दांत सांगावयास लावावें. तिच्या तोंडून आपणांसहि कांहीं नवें कळेल.