वहीतलं एक पान

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावर एक गाव होतं. गावात तालीम होती आणि तालमीत एक पोरगा होता. बापाचा दीड एकर ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा. दारात एक म्हैस होती, तिचं निम्मं दूध पोराच्या पोटात जायचं. वस्ताद म्हातारे होते. ते डाव शिकवायचे, माती उकरायला लावायचे आणि पैशाविषयी कधी बोलायचे नाहीत.

पोरगा आधी नारळावर लढला, मग पाच रुपयांवर. एका जत्रेत त्याने घिस्सा मारून आपल्याहून दांडगा गडी चीत केला, तेव्हा गर्दीतून पांढऱ्या कपड्यातला एक माणूस पुढे आला. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्या मातीत कधी उतरले नव्हते, पण बारामतीपासून अकलूजपर्यंत कुठल्या जत्रेत कोणाची जोड लागणार, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. यात्रा कमिटीला नावाजलेला पैलवान हवा असे, पैलवानाला मैदान हवं असे, आणि दोघांनाही एकच दार ठाऊक होतं.

"खुराकाची काळजी सोड," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बदाम आले, तूप आलं. तात्या खिशातून एक लाल वही काढत, दोन ओळी लिहीत आणि वही परत खिशात ठेवत. वहीत काय आहे, ते पोराने विचारलं नाही. बदाम देणाऱ्याला असं कोण विचारतं?

वर्षभरात त्याचं नाव हँडबिलावर छापून आलं. समोर नीरेपलीकडचा, फलटणकडचा गडी होता. इनाम सहाशे. आखाड्यात उतरण्याआधी तात्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाई करू नको. चाळीस मिनिटं झाली की पंच सोडवतील. बरोबरीत सुटू दे. पुढच्या जत्रेत हीच जोड आठशेवर लावतो."

कुस्ती बरोबरीत सुटली. तात्यांनी दीडशे रुपये पोराच्या हातावर ठेवले. पुढच्या जत्रेतही बरोबरीत सुटली. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, भांडताय का गळाभेट घेताय?" लोक हसले. पोराने त्या रात्री भाकरी अर्धी टाकली.

चौथ्यांदा जोड लागली ती पोराच्याच गावच्या जत्रेत. बाप समोर बसला होता, शेजारी वस्ताद होते. हलगी कडाडत होती. सलामी झाली, दोघे एकमेकांना भिडले आणि मानेला मान लागली. तेव्हा नीरेपलीकडचा गडी हळूच म्हणाला,

"पहिल्या कुस्तीचे तुला किती दिले?"

"दीडशे. तुला?"

"दीडशेच. तू जास्त मागतोस म्हणून मला कमी, असं म्हणाले तात्या."

"मलाही तुझं नाव तसंच सांगितलं."

थोडा वेळ दोघे नुसतेच झुलत राहिले. लोकांना वाटलं, पुन्हा तेच. मग दोघे वेगळे झाले, वाकून माती उचलली, एकमेकांच्या अंगाला लावली आणि नव्याने सलामी दिली. ही कुस्ती लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. एकविसाव्या मिनिटाला पोरगा ढाकेवर उडाला आणि चारी मुंड्या चीत झाला. लोकांनी दोघांनाही खांद्यावर घेतलं. बाप रडत होता. पोराच्या पाठीची माती पुसायला कोणीतरी पंचा आणला, तर वस्तादांनी त्याचा हात धरला. "असू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या घरी आले. आवाज चढवला नाही, चहाही घेतला. बदाम, तूप, ट्रकचं भाडं, लंगोट धरून हिशोब अकराशेवर गेला. बापाने म्हैस विकली. तात्या नोटा मोजत होते तेव्हा वही खाटेवर उघडी पडली होती. पोराने पाहिलं. एकाच पानावर दोन नावं होती, त्याचं आणि नीरेपलीकडच्या गड्याचं. दोन किलो बदामाची एकच खेप दोन्ही नावांखाली लिहिलेली होती.

पुढे दोन वर्षं पोराला एकाही मोठ्या जत्रेत जोड मिळाली नाही. कमिट्या तात्यांचं ऐकत होत्या.

तात्यांना कोणी चोर म्हणत नसे, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. त्यांच्यावाचून त्या पोराला नीरेपलीकडची माती दिसली नसती. घोळ होता तो त्यांच्या बसण्याच्या जागेत. कुस्ती निकाली झाली की त्यांचं एक मैदान संपायचं, बरोबरीत सुटली की दुसरं पिकायचं. ज्याचं पोट सौदा फिरत राहण्यावर भरतं, त्याला कुस्तीचा निकाल कशाला हवा?

तो पोरगा आता सत्तरीला आला आहे. त्याचा नातू बारामतीत शिकतो आणि फुटबॉल खेळतो. परवा नातवाने आजोबांना एक गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये पॉल पोग्बा हा खेळाडू युव्हेंटस सोडून मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला, साडेदहा कोटी युरोंना. त्याचा एजंट मिनो रायोला याने त्या एका सौद्यात विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू अशा तिन्हीकडून मोबदला ठरवला होता, असं पुढे छापून आलं. २०२३ मध्ये फिफाने नियम आणले की एकाच एजंटाने तिन्ही बाजू धरू नयेत आणि दलालीला मर्यादा असावी. एजंट कोर्टात गेले, आणि वर्षाअखेर फिफाला त्यातले मुख्य नियम जगभर थांबवावे लागले.

"तिन्हीकडून?" आजोबा म्हणाले. "आमचे तात्या बिचारे दोघांवर भागवायचे."

नातू हसला. मग त्याने दप्तरातून एक कागद काढला. पुण्याच्या एका माणसाने पाठवला होता. बूट तोच देणार होता, चाचणीला तोच नेणार होता, फक्त खाली सही हवी होती. कागद इंग्रजीत होता.

आजोबांनी खाटेवर सरकून त्याला जागा दिली.

"वाच," ते म्हणाले. "मला समजेल असं मराठीत सांगत वाच. आणि आकडा आला की थांब."