मार्कचा शास्त्री, मत्तयचा परूशी

संडे स्कूलच्या नाटुकलीत परूशी व्हायला एकही मूल तयार नसतं. मेंढरू चालेल, परूशी नको! ढोंगी, देवाचा वैरी, अशीच त्याची ओळख आम्ही मोठ्यांनी मुलांना करून दिली आहे.

म्हणून वरच्या वर्गाला मी दोन शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचायला लावते. मार्कच्या 12 व्या अध्यायात एक शास्त्री येशूचा वाद ऐकतो. उत्तरं पटतात, म्हणून पुढे होऊन विचारतो, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? येशू सांगतो. शास्त्री मनापासून दाद देतो. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करणं होमबलींहून मोठं, असंही वर म्हणतो. यावर येशू त्याला सांगतो की देवाचं राज्य तुझ्यापासून दूर नाही. आता मत्तय 22. प्रश्न तोच, उत्तर तेच. पण विचारणारा परूश्यांच्या घोळक्यातला, आणि आलाय येशूची परीक्षा पाहायला. त्याची दाद नाही, येशूची शाबासकीही नाही.

मधल्या काळात काय झालं? बहुतेक अभ्यासक मार्क आधीचा, साधारण इसवी सन 70 च्या सुमाराचा मानतात आणि मत्तय त्यानंतरचा. 70 मध्येच रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. मंदिर गेलं तसं सदूकी याजकांचं वजनही गेलं. मोशेचा वारसा सांगणारे मुख्यतः दोघे उरले: परूश्यांच्या वळणाचे रब्बी आणि येशूला मसीहा मानणारे यहुदी. मत्तय 23 मधला परूश्यांवरचा संताप मला या भाऊबंदकीचा वाटतो. परक्याला माणूस इतकं लागेल असं बोलत नाही. शिवाय त्याच अध्यायाच्या आरंभी येशू म्हणतो की ते शिकवतात ते पाळा, फक्त त्यांच्यासारखं वागू नका. उपदेशात हे हमखास गळतं.

लूकमध्ये परूशी येशूला जेवायला बोलावतात, हेरोद जिवावर उठलाय म्हणून सावधही करतात. प्रेषितांना वाचवणारा गमलिएल परूशीच. आणि पौल तर ख्रिस्ती झाल्यावरही न्यायसभेपुढे ‘मी परूशी आहे’ असंच सांगतो.

पुढे हे घरचं भांडण यहुदी नसलेल्यांच्या हाती पडलं आणि युरोपात यहुद्यांनी त्याची किंमत शतकानुशतकं मोजली. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, हे व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने अधिकृतपणे सांगितलं ते 1965 मध्ये. फार उशिरा.

पाळकसाहेबांना एकच विनंती: मत्तय 23 वर उपदेश असेल त्या रविवारी आधी मार्क 12, ओवी 28 ते 34 मोठ्याने वाचून घ्या.