दाखल्यावरचा पत्ता



बारावीचा निकाल लागला की आपल्या आजऱ्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर आणि दाखल्यांच्या केंद्रावर गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला. हा शेवटचा कागद सांगतो की हे मूल महाराष्ट्रातले, घरचे आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

काही वर्षांपूर्वी एक बाई मिस्सानंतर मला भेटल्या. त्यांचा भाचा खानापूर तालुक्यातला. त्याला कोल्हापुरात इंजिनिअरिंगला जायचे होते. "फादर, तो लहानपणापासून माझ्याकडेच राहतो असं एक पत्र द्या. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणणार?" मुलगा दर मे महिन्यात आत्याकडे यायचा, पण राहत नव्हता. मी नकार दिला. जाताना त्या म्हणाल्या, "घरात मराठी, शाळा मराठी. मग तो परका कसा हो?"

प्रश्न खरा होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग पलीकडे गेला. महाराष्ट्र ८६५ गावांवर हक्क सांगतो आणि त्यासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या गावांत आहे. रेघ नकाशावर पडली, नात्यात पडली नाही.

मग घरच्याला आधी देणे न्यायाचे आहे का? संत थॉमस अक्वायनस म्हणतात की प्रेमालाही क्रम असतो. जो अधिक जवळचा, त्याचे आपल्यावर ऋण अधिक. राज्यही असाच विचार करते: इथल्या लोकांच्या पैशांवर कॉलेज उभे राहिले, तर इथली मुले आधी शिकावीत आणि शिकून इथल्या लोकांच्या उपयोगी पडावीत. पण क्रमालाही मर्यादा असते. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतीयाचा अधिवास एकच, भारताचा. राज्ये 'डोमिसाईल' म्हणतात ते खरे तर वास्तव्य. एम.बी.बी.एस.ला वास्तव्याचा विचार काही प्रमाणात चालतो, पण पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्यावर आधारलेले आरक्षण न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. थोडक्यात, घरच्याला आधी देण्यामागे कारण हवे. नुसते 'आपला' म्हणणे पुरत नाही.

नियमच असा डळमळीत, तर एक खोटे पत्र दिल्याने काय बिघडले असते? संत ऑगस्टिन तर चांगल्या हेतूने बोललेले खोटेही पाप मानतात. सेमिनरीत आम्ही यावर तासन्‌तास वाद घातला आहे. आता माझे उत्तर साधे आहे. जागा मोजक्या असतात. खोट्या पत्त्यावर एक मूल आत गेले की दुसरे एक बाहेर राहते. ते कदाचित आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावरचे असेल. आपल्या मुलाचा चेहरा आपल्याला दिसतो, त्याचा दिसत नाही. म्हणून खोटे हलके वाटते.

इथवर मी बरोबर होतो. पुढे चुकलो. नकार दिला आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. काही आठवड्यांनी आपल्यातल्याच एका शिक्षकांनी सांगितले की इंजिनिअरिंग प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळा प्रकारच आहे. शिवाय आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तरीही मूल पात्र ठरते. खरी वाट उघडीच होती. तोवर अर्जाची मुदत संपली होती. मुलाने बेळगावातच प्रवेश घेतला. बाईंनी मला दोष दिला नाही. मी स्वतःला देतो. खोट्याला नाही म्हणणे हे अर्धेच काम. खऱ्याचा रस्ता शोधून देणे हे उरलेले अर्धे.

आणि ज्यांना हा दाखला सहज मिळतो त्यांच्यासाठीही एक शब्द. आपण कुठे जन्मलो ही आपली कमाई नव्हे. घरचे म्हणून जागा घेतली, तर घराचे काही देणे लागतो. पुण्याला जा, परदेशी जा, त्यात चूक नाही. पण ज्या तालुक्याच्या नावावर आत गेलात तिथल्या एखाद्या मुलाचा फॉर्म भरून द्यायला तरी परत या.

पालकांनो, मुदत संपायच्या आत भेटा. चर्चच्या नोंदवहीत जे आहे ते मी लिहून देईन, नाही ते देणार नाही. पण या वेळी नाही म्हणून उठणार नाही. नियमांचे पुस्तक घेऊन तुमच्याबरोबर बसेन.

आपला,
फादर