टिलव्याला पुण्य लागतं का?



आज गीतेचा अठरावा अध्याय वाचला. एवढा उपदेश करून झाल्यावरही भगवंत निर्णय अर्जुनावरच सोडतात. त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे. हे वाचताना मला छोटा टिलवा आठवला.

हा चिमणीपेक्षाही जरा लहान पाणपक्षी. वजन तीसेक ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढं. हिवाळ्यात पाठ राखाडी-तपकिरी, पोट पांढरं, पाय आणि चोच काळी. थव्याने ओल्या चिखलावर तुरुतुरु पळत असतो आणि शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच मारत किडे, अळ्या टिपतो. चैत्र-वैशाखात अंगावर तांबूस रंग चढू लागतो आणि तो निघतो. उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियाच्या टुंड्रात घरटं करतो. आपल्यापासून सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ६,००० किलोमीटर!

सगळ्यात नवल पिल्लांचं. अंड्यातून बाहेर आली की ती स्वतःच खायला लागतात. मोठे पक्षी आधी दक्षिणेकडे निघून जातात, पिल्लं मागाहून निघतात. कधी न पाहिलेल्या देशाकडे, आईबाप सोबत नसताना.

अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, बघा, हा खरा निष्काम कर्मयोगी! मला हे पटत नाही. टिलव्याला न जाण्याचा पर्यायच कुठे आहे? मी पोटासाठी प्रोग्राम लिहितो. एखादा प्रोग्राम दहा वर्षं न चुकता चालला तर आपण त्याला भरवशाचा म्हणतो, प्रामाणिक म्हणत नाही. प्रामाणिक तोच, ज्याला लबाडी करता आली असती.

मग टिलवा नुसतं यंत्र आहे का? तसंही नाही. यंत्राला भूक लागत नाही. टिलव्याला लागते, भीतीही वाटते. म्हणजे त्याच्या खात्यावर पुण्य नसेल, पण दुःख आहे. आणि दयेसाठी तेवढं पुरेसं आहे, असं मला वाटतं. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना सर्व भूतांविषयी करुणा सांगितली आहे, तिथे 'लायक असेल तर' अशी अट नाही. आपण मात्र दारात आलेल्यालाही आधी लायकी विचारतो आणि मग भाकरी देतो.

आता निर्णय कुणाचा, ते बघा. आपल्याकडे अडाण, मोतसावंगा अशी धरणं आहेत. पाणी उतरलं की काठची गाळाची जमीन उघडी पडते. टिलव्याचं ताट तेच. आणि धरणांच्या अशाच जमिनीवर गाळपेर होते, ज्यांची शेतं धरणात गेली त्या प्रकल्पग्रस्तांचा तिच्यावर पहिला हक्क. ज्याने जमीन गमावली त्याला 'पक्ष्यासाठी पेरू नको' असं सांगायचा अधिकार मला नाही. शहरात पगार घेऊन असं सांगणं फार सोपं असतं.

पण पाण्यालगतची अगदी ओली पट्टी, जिथे पाय रुततो आणि तसंही पेरता येत नाही, ती तरी सोडता येईल. तिथे औषधाचे रिकामे डबे धुवायचे नाहीत. फोटोसाठी थव्याच्या मागे धावायचं नाही, कारण उडवलेला प्रत्येक थवा पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च करतो.

टिलवा आपले आभार मानणार नाही. त्याला कळणारही नाही. फळाची आशा न ठेवता कर्म करायला याहून सोपी जागा कुठली मिळणार? तो कर्मयोगी नसेल, पण आपल्याला व्हायची संधी देतो. अर्जुनासारखीच निवड आपल्या हातात आहे.

आजच्या दिवसासाठी एकच प्रश्न: परतफेड करू न शकणाऱ्या कुणासाठी आज मी थोडी जागा सोडली का?

राम कृष्ण हरी.